वाचकांची विचारणा : चालता चालता तयार होणारा मशीन कोड सांभाळायचा कसा?

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रे आली. प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड तयार करून लगेच चालवणारे कंपायलर, म्हणजे जिट, आज जावा, डॉटनेट, जावास्क्रिप्ट, अरलँग अशा सगळ्यांच्या पोटात आहेत. कोड तयार कसा करायचा यावर वाचायला पुष्कळ मिळते. तयार झालेला कोड ठेवायचा कुठे, त्याला परवानगी कशी मिळवायची, बदलायचा कसा आणि टाकून कधी द्यायचा, यावर मात्र फारसे लिहिले जात नाही. निवडक प्रश्न आणि उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र एका छोट्या भाषेसाठी व्हर्च्युअल मशीन लिहीत आहोत. लिनक्सवर एममॅपकडून (मेमरी मागण्याचा सिस्टिम कॉल) वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तिन्ही परवानग्या एकदम मागतो आणि त्या मेमरीत जिटचा कोड टाकतो. तिथे सगळे व्यवस्थित चालते. तोच प्रोग्रॅम एम१ मॅकवर सुरू होताच पडतो. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा कोड लिहावा लागेल का? (पुणे)

उत्तर : वेगळा कोड लागेल, पण तो दोनशे-तीनशे ओळींच्या एका फाइलीत मावला पाहिजे. तो तुमच्या कोड जनरेटरमध्ये शिरला, तर दर नव्या प्लॅटफॉर्मला रडावे लागेल.

आधी कारण पाहू. एकाच पेजवर (मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्यावर) लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी एकत्र असली, की मेमरीतली एखादी चूक वापरून हल्लेखोर तिथे स्वतःचा कोड लिहू शकतो. म्हणून एका पेजला या दोन्हींपैकी एकच परवानगी, हा नियम पसरत गेला. ओपनबीएसडीने तो २००३ मध्ये ३.३ आवृत्तीत आणला आणि २०१६ मध्ये ६.० पासून सक्तीचा केला. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर तो पहिल्या दिवसापासून आहे. डॉटनेटने स्वतःच्या जिटसाठी तो ६ व्या आवृत्तीत ऐच्छिक ठेवला होता, ७ व्या आवृत्तीपासून तो आपोआप लागू होतो. लिनक्स आज तुम्हाला तिन्ही परवानग्या एकत्र देतो, पण त्यावर विसंबून रचना करू नका.

नियम पाळण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे परवानगी पालटणे. पेज लिहिण्यासाठी उघडायचे, कोड लिहायचा, मग एमप्रोटेक्टने (विंडोजवर व्हर्च्युअलप्रोटेक्टने) ते फक्त वाचण्या-चालवण्यापुरते करायचे. लिहायला सोपी, म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. अडचण थ्रेड वाढले की येते. परवानगी पेजला असते, थ्रेडला नसते. त्या पेजवर आधीच असलेला एखादा फंक्शन दुसरा थ्रेड चालवत असताना तुम्ही पेज लिहिण्यासाठी उघडले, तर तो थ्रेड जागीच सेगमेंटेशन फॉल्टने पडतो. म्हणून ही पद्धत दोनच परिस्थितींत सुरक्षित आहे : पेज कोरे असेल तर, किंवा बाकीचे सगळे थ्रेड थांबवलेले असतील तर. शिवाय परवानगी काढून घेतली की बाकीच्या कोअरवरच्या पत्त्यांच्या नोंदी पुसाव्या लागतात, त्यामुळे दर छोट्या फंक्शनला ही उलाढाल केल्यास वेळ जातो. पेजागणिक परवानग्या वेगवेगळ्या झाल्या की कर्नलमध्ये मेमरीचे तुकडेही वाढतात, आणि लिनक्सवर एका प्रोसेसला अशा तुकड्यांची मर्यादा नेहमीच्या मांडणीत ६५,५३० असते.

दुसरी पद्धत ॲपल सिलिकॉनवरची. एममॅप करताना 'मॅप_जिट' हा फ्लॅग द्यायचा. मग 'पीथ्रेड_जिट_राइट_प्रोटेक्ट_एनपी' या फंक्शनला ० दिले की तो सगळा भाग चालू थ्रेडपुरता लिहिता येतो आणि १ दिले की पुन्हा चालवता येतो. बाकीचे थ्रेड दरम्यान तोच कोड निर्धास्त चालवत राहतात. लिहून झाल्यावर इन्स्ट्रक्शन कॅश साफ करणारे 'सिस_आयकॅश_इनव्हॅलिडेट' विसरायचे नाही. ॲप हार्डन्ड रनटाइमसह (ॲपलच्या कडक सुरक्षा नियमांखाली) साइन करत असाल, तर 'अलाउ-जिट' ही एंटायटलमेंटही (ॲपच्या सहीत नोंदवलेली खास परवानगी) लागते. ती नसली तर तुमच्या मशीनवर चाललेला बिल्ड ग्राहकाकडे पडतो. या पद्धतीत दोन ठेचा हमखास लागतात. एक, हे फंक्शन मोजणी ठेवत नाही. बाहेरच्या फंक्शनने ० केले, आतल्याने आपले काम संपवून १ केले, की बाहेरचा पुढचा बाइट लिहिताना कोसळतो. म्हणून थ्रेडगणिक आपण किती पातळ्या आत आहोत याचा आकडा ठेवा आणि तो शून्यावर आल्यावरच १ द्या. दोन, लिहिण्याच्या अवस्थेत असताना त्या थ्रेडला जिटने बनवलेला कुठलाही कोड चालवता येत नाही. कंपायलरने मध्येच एखादा तयार स्टब (कोडचा छोटा ठरीव तुकडा) बोलावला तरी तो पडतो. इंटेलच्या मॅकवर हे फंक्शन काहीच करत नाही, त्यामुळे या दोन्ही चुका तिथे दिसतच नाहीत.

तिसरी पद्धत दुहेरी मॅपिंगची. तीच भौतिक पेजेस दोन पत्त्यांवर मांडायची, एका पत्त्यावर लिहिता येतात, दुसऱ्यावर चालवता येतात. लिनक्सवर मेमएफडी_क्रिएट (कर्नल ३.१७ पासून) करून दोनदा एममॅप, विंडोजवर क्रिएटफाइलमॅपिंग करून दोनदा मॅपव्ह्यूऑफफाइल. परवानग्या एकदा ठरल्या की पुन्हा हलवाव्या लागत नाहीत, हा मोठा फायदा. यातला धोका फोर्कचा, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढण्याचा. ही पेजेस सामायिक असल्याने फोर्क केल्यावर आई आणि मूल या दोन्ही प्रोसेस त्याच पेजवर लिहू लागतात आणि एकमेकींचा कोड बिघडवतात. फोर्कनंतर लगेच एक्झेक (नवा प्रोग्रॅम चढवणे) होत असेल तर प्रश्न नाही. पण आधी मुख्य प्रोसेस गरम करून मग फोर्कने कामकरी प्रोसेस काढणाऱ्या सर्व्हरमध्ये, मुलाने नवा कोड लिहिण्यापूर्वी स्वतःचे वेगळे मॅपिंग तयार केलेच पाहिजे, आणि जुने पत्ते कोडमध्ये रुजलेले असल्याने ते त्याच पत्त्यांवर करावे लागते.

आता तुमच्या रचनेविषयी. आमचे ठाम मत असे, की पहिल्या दिवसापासून कोड जनरेटरला दोन पत्ते द्या : लिहिण्याचा आणि चालवण्याचा. पालटण्याच्या पद्धतीत आणि मॅकवर दोन्ही सारखेच असतील, काही बिघडत नाही. बाइट लिहायचे ते पहिल्या पत्त्यावर, पण कॉल, जंप, स्थिरांकांचे सापेक्ष अंतर मोजायचे ते नेहमी दुसऱ्यापासून. बाकी फाइलीत चारच कामे उरतात : जागा राखणे, लिहिण्यासाठी उघडणे, बंद करून कॅश साफ करणे, आणि जागा परत घेणे. चाचणीच्या मशीनवर दुहेरी मॅपिंग सक्तीने चालू ठेवा. फंक्शनच्या आतल्या आत होणाऱ्या जंपचे अंतर दोन्ही पत्त्यांवर सारखेच निघते, म्हणून चुकीचा पत्ता वापरला तरी छोट्या चाचण्या पास होतात. फंक्शनबाहेर जाणारा कॉल आला, की मगच चूक दिसते. त्यामुळे चाचणीत बाहेर जाणारे कॉल मुद्दाम घाला.

पेजचा आकार ४,०९६ धरू नका. ॲपल सिलिकॉनवर तो १६ केबी आहे, रास्पबेरी पाय ५ च्या नेहमीच्या कर्नलवरही १६ केबी, काही एआरएम सर्व्हरवर ६४ केबी. चुकीच्या सीमेवर एमप्रोटेक्ट केले की ते थेट नकार देते. आकार सिसकॉन्फ या फंक्शनला विचारा. विंडोजवर पेज ४ केबीचे असले तरी जागा ६४ केबीच्या पटीत मिळते, म्हणून दर फंक्शनला वेगळे व्हर्च्युअलअलॉक करणे म्हणजे पत्त्यांची उधळपट्टी.

प्रश्न : आमचा जिट एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रकारचे प्रोसेसर) वर दोन वर्षे बिनतक्रार चालला. आता एआरएम६४ बोर्डांवर नेला, तर कधी तरी 'इलीगल इन्स्ट्रक्शन' येऊन प्रोसेस पडते. कोअर डंपमध्ये (पडलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतीत) त्या पत्त्यावरचे बाइट पाहिले तर बरोबर असतात. डीबगर लावला की पडत नाही. क्यूईएमयू या प्रोसेसरचे अनुकरण करणाऱ्या साधनामध्येही पडत नाही. (नाशिक)

उत्तर : डंपमधले बाइट बरोबर असणे हीच खूण आहे. प्रोसेसरने चालवले ते बाइट वेगळे होते.

एक्स८६ वर डेटा कॅशमध्ये लिहिलेला कोड इन्स्ट्रक्शन कॅशला हार्डवेअरच कळवते. एआरएममध्ये तशी हमी नाही. तुमचा नवा कोड डेटा कॅशमध्ये असतो आणि इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये त्या पत्त्याची जुनी प्रत. डंप डेटाच्या बाजूने वाचला जातो म्हणून तो बरोबर दिसतो. डीबगरमुळे वेळेचे गणित बदलते आणि थांबे लावताना कर्नल स्वतः कॅश साफ करतो. क्यूईएमयूचे अनुकरण कॅश दाखवतच नाही, त्यामुळे तिथे उत्तीर्ण झालेली चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही. खऱ्या बोर्डावरच तपासा.

कॅश साफ करण्याचा क्रम असा आहे. लिहिलेल्या पट्ट्यातील प्रत्येक डेटा कॅश लाइनवर डीसी सीव्हीएयू (नवे बाइट पुढे लिहून काढणे), मग डीएसबी आयएसएच (ते पुरे होईपर्यंत थांबणे), मग प्रत्येक इन्स्ट्रक्शन कॅश लाइनवर आयसी आयव्हीएयू (जुनी प्रत टाकणे), पुन्हा डीएसबी आयएसएच, शेवटी आयएसबी (पाइपलाइन रिकामी करणे). हे हाताने लिहू नका. जीसीसी आणि क्लँगमध्ये यासाठी 'बिल्टिन क्लिअर कॅश' आहे, विंडोजवर फ्लशइन्स्ट्रक्शनकॅश. दुहेरी मॅपिंग असेल तर चालवण्याचा पत्ता द्या. पट्टा नेमका द्या : मागाहून लावलेले पॅच, कोडला लागून ठेवलेले स्थिरांक, सगळे लिहून झाल्यावर एकदाच साफ करा. आधी साफ करून मग एक शेवटचा कॉल पॅच केला, ही चूक आम्ही सर्वात जास्त वेळा पाहतो.

तुमच्या बोर्डात मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतील तर आणखी एक शक्यता पाहा. कॅश लाइनची लांबी एकदा वाचून जपून ठेवणारा कोड इथे फसतो. सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० मध्ये मोठ्या कोअरची लाइन १२८ बाइटची होती आणि छोट्यांची ६४ बाइटची. मोठ्या कोअरवर वाचलेला १२८ चा आकडा घेऊन थ्रेड छोट्या कोअरवर गेला, की दर दुसरी लाइन साफ व्हायची राहते. २०१६ मध्ये मोनोच्या मंडळींनी नेमका हाच दोष शोधून काढला होता, आणि मूळ जीसीसीच्या क्लिअर कॅश फंक्शनमध्ये होते. अशा चिपवर लिनक्सचे नंतरचे कर्नल सर्व कोअरना चालेल असाच आकडा सांगतात. जुना कर्नल आणि जुने टूलचेन असलेल्या बोर्डांवर मात्र सर्वात लहान लाइन धरून चाला.

हे सगळे करूनही एक गोष्ट उरते. शेवटची आयएसबी फक्त ज्या कोअरवर चालली त्याच्यापुरती असते. दुसऱ्या कोअरने जुन्या इन्स्ट्रक्शन पाइपलाइनमध्ये आधीच ओढून घेतल्या असतील तर त्या तशाच राहतात. कोऱ्या पत्त्यावर नवा कोड असेल तर हे सहसा दिसत नाही. पण तोच पत्ता पुन्हा वापरलात की दिसते. लिनक्स ४.१६ पासून मेमबॅरिअर या सिस्टिम कॉलमध्ये 'सिंक कोअर' नावाचा आदेश आहे, तो प्रोसेसच्या सर्व थ्रेडना हे समक्रमण घडवतो. सुरुवातीला एकदा नोंदणीचा आदेश द्यावा लागतो, नाहीतर तो नकार देतो. ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये सर्व थ्रेड थांबवण्याची जागा, म्हणजे सेफपॉइंट, आहे तिने थ्रेड पुन्हा सोडताना प्रत्येकाकडून आयएसबी करून घेतली तरी पुरते.

रिस्क-फाइव्हवर जाणार असाल तर आताच टिपून ठेवा : तिथली फेन्स.आय ही इन्स्ट्रक्शनही फक्त स्वतःच्या कोअरपुरतीच असते, आणि लिनक्सने थ्रेड दुसरीकडे हलवला की तिचा उपयोग संपतो. तिथे कर्नलचा फ्लश आयकॅश हा सिस्टिम कॉलच वापरा.

प्रश्न : आमची जावा सेवा आठवडाभर नीट चालते, मग अचानक मंद होते. लॉगमध्ये 'कोडहीप प्रोफाइल्ड एनमेथड्स इज फुल, कंपायलर हॅज बीन डिसेबल्ड' अशी ओळ सापडली. रीस्टार्ट केले की पुन्हा आठवडाभर ठीक. हीप (ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी) वाढवून उपयोग झाला नाही. (हिंजवडी)

उत्तर : हीपचा इथे संबंधच नाही. जिटने बनवलेला कोड हीपबाहेर, कोड कॅशमध्ये राहतो. ती भरली की हॉटस्पॉट, म्हणजे जावाची व्हर्च्युअल मशीन, नवे कंपाइल करणे थांबवते, जे आधी कंपाइल झाले नाही ते इंटरप्रिटरमध्ये चालते आणि सीपीयू वर जातो.

स्तरित कंपाइलेशन (आधी झटपट, मग सुधारून असे टप्प्यांनी) चालू असताना कोड कॅशची मर्यादा आपोआप २४० एमबी असते, ते बंद केले तर ४८ एमबी. जावा ९ पासून तिचे तीन भाग होतात : व्हर्च्युअल मशीनचे स्वतःचे स्टब व इंटरप्रिटर, मोजमाप घेणारा तात्पुरता कोड (प्रोफाइल्ड), आणि पूर्ण सुधारलेला कोड. तुमचा दुसरा भाग भरला आहे.

जेसीएमडी या जावाच्या साधनाला प्रोसेस क्रमांक आणि 'कंपायलर.कोडकॅश' द्या. प्रत्येक भागाचा आकार, सध्याचा वापर आणि आजवरचा कमाल वापर दिसेल. दिवसातून दोनदा ही नोंद घ्या. वापर चढून एका पातळीवर थांबत असेल आणि ती पातळी मर्यादेला टेकत असेल, तर सेवा खरोखर मोठी आहे : 'रिझर्व्ह्डकोडकॅशसाइझ' ३८४ किंवा ५१२ एमबी करा. कंटेनरच्या मेमरी मर्यादेत तेवढी जागा हीपबाहेर उरते का हे आधी बघा, नाहीतर मंद सेवेऐवजी मारलेला कंटेनर हाती येईल.

वापर दररोज चढतच असेल, तर आकार वाढवून फक्त आठवड्याचे दोन आठवडे होतील. तिथे चालू असताना नवे क्लास तयार करणारा कोड शोधा : विनंतीगणिक नव्याने कंपाइल होणाऱ्या ग्रूव्ही स्क्रिप्ट, पुन्हा पुन्हा बनणाऱ्या प्रॉक्सी, न सुटणारे क्लासलोडर. आठवडाभराचे वर्तन वाचून आमचा पहिला संशय यावरच आहे. लोड झालेल्या क्लासची संख्याही कोड कॅशबरोबर चढत असेल तर संशय पक्का.

एक सूचना. काही जण मेमरी वाचवायला ही मर्यादा १२८ एमबी करतात. २४० एमबीच्या खाली गेले की तीन भागांची विभागणीच आपोआप बंद होते आणि तात्पुरता व कायमचा कोड एकमेकांत मिसळतो. हे ठाऊक असून करत असाल तर हरकत नाही. आणि जावा २० मध्ये जुना कोड उचलणारा वेगळा स्वीपर काढून ते काम गार्बेज कलेक्टरकडे दिले आहे, त्यामुळे जुन्या आवृत्तीवरचे स्वीपरचे फ्लॅग नव्या आवृत्तीत नेऊ नका.

प्रश्न : जिटमधून सीमधल्या रनटाइम फंक्शनला कॉल करतो. चाचणीत चालते, पण काही यंत्रांवर कॉल भलतीकडेच जातो. (कोल्हापूर)

उत्तर : अंतर पुरत नाही. एक्स८६-६४ वरच्या पाच बाइटच्या कॉलला ±२ जीबीची मर्यादा आहे, एआरएम६४ च्या बीएल या कॉल इन्स्ट्रक्शनला ±१२८ एमबीची (२६ बिट, चार बाइटच्या पटीत). शर्ती जंपला तर ±१ एमबी आणि एखाद्या बिटवरून होणाऱ्या जंपला ±३२ केबी एवढीच. लायब्ररी कुठे लोड होईल हे दर वेळी वेगळे असते, म्हणून चाचणीत जवळ आलेले फंक्शन ग्राहकाकडे लांब जाते. तुमचा कोड जनरेटर ३२ बिटांत न मावणारे अंतर गुपचूप कापत असावा. तिथे आधी तपासणी घाला, कापण्यापेक्षा थांबलेले बरे.

मग सुरुवातीलाच सलग ६४ किंवा १२८ एमबीचे पत्ते राखून ठेवा. राखणे फुकट असते, पेजेस लागतील तशी घ्यायची. सगळा कोड याच पट्ट्यात राहिला की आपसातले कॉल नेहमी आवाक्यात. बाहेरच्या फंक्शनसाठी पट्ट्याच्या तोंडाशी स्टबचा तक्ता ठेवा. एआरएम६४ वर एक स्टब १६ बाइटचा : पत्ता एक्स१६ मध्ये वाचणारी इन्स्ट्रक्शन, त्यावर उडी, आणि शेवटी आठ बाइटचा पत्ता. शंभर फंक्शनना १,६०० बाइट पुरतात. एक्स१६ आणि एक्स१७ ही रजिस्टरे कॉलिंग कन्व्हेन्शनने याच कामासाठी मोकळी ठेवली आहेत, त्यांत स्वतःच्या किमती जपू नका.

प्रश्न : चालू असलेल्या कोडमधला कॉल दुसऱ्या फंक्शनकडे वळवायचा आहे. सर्व थ्रेड न थांबवता जमेल? (म्युनिक)

उत्तर : एक्स८६ वर जमते, पण अटी आहेत. कॉलच्या पाच बाइटपैकी शेवटचे चार अंतराचे असतात. ते चार बाइटच्या सीमेवर येतील अशा रीतीने आधी एनओपी (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) भरून ठेवा, म्हणजे ते कॅश लाइनच्या कडेवर फाटणार नाहीत आणि एकाच स्टोअरने बदलता येतील. याहून मोठा बदल करायचा तर पहिल्या बाइटवर ०एक्ससीसी हा ब्रेकपॉइंट ठेवा, सर्व कोअर समक्रमित करा, बाकीचे बाइट लिहा, पुन्हा समक्रमण, आणि शेवटी पहिला बाइट. लिनक्स कर्नल स्वतःचा कोड याच क्रमाने बदलतो. दरम्यान कोणी थ्रेड ब्रेकपॉइंटवर आला तर त्याला बाजूला नेणारा हँडलर तयार लागतो.

एआरएम६४ वर दुसरा थ्रेड चालवत असताना बदलता येतील अशा इन्स्ट्रक्शनची यादीच ठरलेली आहे : बी, बीएल, एनओपी, बीआरके, आयएसबी, एसव्हीसी, एचव्हीसी, एसएमसी. जुनी आणि नवी दोन्ही या यादीतली हवीत. म्हणजे एनओपीची बी (थेट उडी) करता येते, पण पत्ता रजिस्टरात भरणाऱ्या तीन-चार इन्स्ट्रक्शनची मालिका बदलता येत नाही.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. नवीन व्हर्च्युअल मशीन असेल तर कोडला हातच लावू नका. कॉलचा पत्ता डेटा पेजवरच्या आठ बाइटच्या खणात ठेवा आणि कॉल त्या खणातून करा. वळवणे म्हणजे मग एक साधा अणुस्टोअर (मध्ये न तुटणारे एकच लिहिणे) : परवानगी पालटणे नाही, कॅश साफ करणे नाही, मॅक-लिनक्स भेद नाही. किंमत एका लोडची, आणि नेहमीच्या कॉलवर ती बहुधा जाणवत नाही. मोजून खरोखर जाणवली तर त्या ठिकाणापुरते पॅचिंग करा.

प्रश्न : जुना कोड फ्री केल्यावर कधी तरी विचित्र क्रॅश येतात. (ठाणे)

उत्तर : कोणी तरी अजून तिथे परत येणार आहे. फंक्शनकडे जाणारे सगळे रस्ते बंद केले, तरी आत गेलेले थ्रेड आतच असतात, आणि त्याने बोलावलेल्या फंक्शनमधून परतणारेही.

म्हणून काढणे दोन टप्प्यांत करा. आधी फंक्शन 'प्रवेश बंद' करा : डिस्पॅच तक्ते (कुठले फंक्शन कुठे आहे याची यादी), इनलाइन कॅश (कॉलच्या जागीच जपलेले पत्ते), कॉलचे खण या सगळ्यांतून पत्ता काढून शोधणाऱ्या स्टबचा पत्ता घाला. मग पुढच्या सेफपॉइंटला प्रत्येक थ्रेडचा स्टॅक पाहा. कुठल्याही फ्रेममध्ये या पट्ट्यातला रिटर्न पत्ता नसेल तरच जागा मोकळी. हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे थांबवून ठेवलेल्या कोरूटीन (मध्येच थांबून पुढे पुन्हा चालणारी फंक्शने). त्यांचे स्टॅक हीपमध्ये पडलेले असतात आणि थ्रेडच्या यादीत येत नाहीत. कोडमध्ये रुजवलेले ऑब्जेक्टचे पॉइंटरही गार्बेज कलेक्टरला तोवर ठाऊक असले पाहिजेत.

अरलँगने हा प्रश्न भाषेच्या नियमातच सोडवला आहे : एका मॉड्यूलच्या फक्त दोन आवृत्त्या, चालू आणि जुनी. तिसरी लोड झाली की जुन्या आवृत्तीत रेंगाळलेल्या प्रोसेस संपवल्या जातात. तुमच्या भाषेला इतका कडक नियम परवडत असेल तर जरूर घ्या, स्टॅक चाळण्याचा बराच व्याप वाचतो.

मोकळी केलेली जागा लगेच भरून टाका. एक्स८६ वर ०एक्ससीसी भरा. शून्ये भरू नका, कारण एक्स८६ वर दोन शून्य बाइट ही मेमरीत बेरीज करणारी वैध इन्स्ट्रक्शन आहे. चुकून तिथे आलेला थ्रेड डेटा बिघडवत पुढे सरकेल आणि भलत्याच ठिकाणी पडेल. एआरएम६४ वर शून्य म्हणजे कायमची अवैध इन्स्ट्रक्शन, तिथे शून्ये चालतात. हे भरले की तुमचे 'विचित्र' क्रॅश नेमक्या जागी येऊ लागतील.

प्रश्न : हाताने चालवले की जिट चालतो, सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) सेवा म्हणून लावला की परवानगी नाकारली जाते. (नागपूर)

उत्तर : सेवेच्या युनिट फाइलमध्ये (मांडणीच्या फाइलीत) 'मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट' चालू असणार. ते लिहिता येणारे आणि चालवता येणारे मॅपिंग एकत्र देत नाही, तसेच आधीच्या मॅपिंगला एमप्रोटेक्टने चालवण्याची परवानगीही देत नाही. म्हणजे परवानगी पालटण्याची पद्धत बाद होते. मेमएफडीचे दुहेरी मॅपिंग यातून जाते, अर्थात मेमएफडी_क्रिएटच वेगळ्या फिल्टरने अडवलेला नसेल तर. सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगून त्या एका सेवेपुरती ही ओळ काढणे जास्त सरळ.

जिट बंद करून भागते का असेही तुम्ही विचारले आहे. नोडला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 'जिटलेस' दिले की त्याचे व्ही८ इंजिन चालवता येणारी मेमरी मागत नाही. जावाला मात्र 'एक्सइंट' (फक्त इंटरप्रिटर) देऊन हे साधत नाही, कारण हॉटस्पॉटचा इंटरप्रिटर स्वतःच सुरू होताना मशीन कोड म्हणून तयार होतो. त्यासाठी मशीन कोड न बनवणारा 'झिरो' प्रकारचा बिल्ड लागतो. आयफोनसाठीही विचारणा होती : ॲप स्टोअरच्या सामान्य ॲपला तिथे जिट मिळत नाही, इंटरप्रिटर किंवा आधीच कंपाइल केलेला कोड हेच दोन मार्ग.

प्रश्न : पर्फ या लिनक्सवरच्या वेळ मोजणाऱ्या साधनामध्ये जिटची फंक्शने नुसते आकडे म्हणून दिसतात. आणि विंडोजवर जिटमधून गेलेले सी++ एक्सेप्शन प्रोसेसच संपवते. (बंगळूर)

उत्तर : दोन्हींचे मूळ एकच, बाहेरच्या साधनांना तुमच्या कोडची ओळख नाही.

पर्फसाठी /टीएमपी मध्ये 'पर्फ-', प्रोसेस क्रमांक, '.मॅप' अशा नावाची फाइल लिहा. दर ओळीत सुरुवातीचा पत्ता, लांबी (दोन्ही हेक्समध्ये, ०एक्सशिवाय) आणि नाव. डॉटनेटमध्ये 'पर्फमॅपएनेबल्ड' १ केले की हे आपोआप होते, जावा १७ पासून जेसीएमडीत 'कंपायलर.पर्फमॅप' आहे. मात्र पत्ते पुन्हा वापरत असाल तर ही फाइल खोटे सांगते, कारण तिला वेळ कळत नाही. मग जिटडंप (वेळेसह कोडची नोंद ठेवणारी फाइल) लिहा, रेकॉर्ड करताना '-के १' द्या आणि नंतर 'पर्फ इंजेक्ट --जिट' चालवा. जिटडंपची फाइल चालवण्याच्या परवानगीसह एकदा एममॅप करावी लागते. पर्फला ती तशीच सापडते, आणि ती पायरी गाळली तर कुठलीही चूक न दाखवता नावे गायब राहतात.

विंडोज एक्स६४ वर ज्या पत्त्याची नोंद नाही ते फंक्शन स्टॅकला हात न लावणारे मानले जाते, आणि स्टॅकच्या टोकावर जे असेल ते रिटर्न पत्ता म्हणून घेतले जाते. तुमच्या फ्रेममध्ये तिथे भलतेच काही असते. आरटीएलॲडफंक्शनटेबल किंवा वाढत्या तक्त्याचे आरटीएलॲडग्रोएबलफंक्शनटेबल वापरून नोंद करा. त्यातले पत्ते ३२ बिटांचे सापेक्ष असतात, म्हणून अनवाइंडची (स्टॅक मागे उलगडण्याची) माहिती कोडच्याच पट्ट्यात ठेवा. लिनक्स आणि मॅकवर यासाठी '__रजिस्टर_फ्रेम' आहे. जीसीसीच्या लायब्ररीत त्याला शून्याने संपणारा पूर्ण विभाग द्यायचा असतो आणि एलएलव्हीएमच्या लिबअनवाइंडमध्ये एकेक नोंद. नाव एक, अपेक्षा दोन. कुठली लायब्ररी लिंक झाली आहे हे बिल्डच्या वेळीच तपासून घ्या.